उपग्रहाच्या नोंदींवरून समुद्री वाऱ्याचा अंदाज: संख्याशास्त्राच्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

नाशिक शहर अरबी समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. पण मध्ये सह्याद्री असल्यामुळे समुद्रावरच्या वाऱ्याची आठवण आपल्याला सहसा पाऊस लांबल्यावरच होते. वास्तविक जून ते सप्टेंबर या काळात इगतपुरी आणि त्र्यंबकच्या घाटमाथ्यावर जे पाणी कोसळते, ते याच समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे घेऊन येतात, आणि सिन्नर-येवल्याकडे पोहोचेपर्यंत त्यांतला बराच ओलावा संपलेला असतो. हा वारा समुद्रावर असतानाच उपग्रहाच्या नोंदींवरून त्याचा एक ते तीन दिवसांचा अंदाज कसा बांधावा, हे या लेखात पायरी-पायरीने सांगितले आहे. संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्राच्या पदवीपर्यंतचे शिक्षण, साधा लॅपटॉप, पायथन किंवा आर यांपैकी एका भाषेची तोंडओळख आणि बऱ्यापैकी इंटरनेट एवढी तयारी पुरेशी आहे. हवामानखात्याच्या मोठ्या संगणकीय प्रारूपांशी स्पर्धा करणे हा यामागचा हेतू नाही. आहे त्या आकड्यांतून किती माहिती काढता येते आणि ती किती खात्रीची असते, हे प्रामाणिकपणे मोजायला शिकावे, एवढाच हेतू आहे.

उपग्रह नेमके काय मोजतो

नवशिक्याची पहिली घाई असते ती फाइल उतरवून घेऊन तिच्यावर एखादे प्रारूप चालवण्याची. ती घाई टाळावी, कारण उपग्रह वारा थेट मोजत नाही. समुद्री वाऱ्यासाठी वापरले जाणारे मुख्य उपकरण म्हणजे स्कॅटरोमीटर. हे एक रडार असून ते समुद्राकडे तिरक्या कोनातून सूक्ष्मलहरींचे स्पंद सोडते आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून परत आलेल्या ऊर्जेचे प्रमाण नोंदवते. वाऱ्यामुळे पाण्यावर काही सेंटिमीटर लांबीच्या बारीक लाटा उठतात. वारा वाढला की पृष्ठभाग अधिक खडबडीत होतो आणि परतणारी ऊर्जा वाढते. या ऊर्जेचे वाऱ्याशी असलेले नाते प्रत्यक्ष निरीक्षणांवर बेतलेल्या सूत्रांनी ठरवले जाते. सी बँड या कंप्रतापट्ट्यात चालणाऱ्या उपकरणांसाठी सीमॉड या नावाने ओळखली जाणारी सूत्रमालिका वापरतात. म्हणजे फाइलमध्ये ‘वारा’ म्हणून लिहिलेला आकडा हा स्वतःच एक संख्याशास्त्रीय अंदाज असतो, आणि आपण त्या अंदाजावर दुसरा अंदाज रचत असतो.

यातून काही गोष्टी ओघानेच येतात. एक म्हणजे हा वेग समुद्रसपाटीपासून १० मीटर उंचीवरचा, आणि तोही हवेचे थर तापमानाच्या दृष्टीने तटस्थ आहेत असे मानून दिलेला असतो. दुसरे म्हणजे लाटा उठतात त्या वारा आणि पाणी यांच्या सापेक्ष वेगाने; त्यामुळे सोमालियाच्या किनाऱ्याजवळ, जिथे मोसमी काळात समुद्रप्रवाहच सेकंदाला दोन मीटरपेक्षा जोरात वाहू शकतो, तिथे उपग्रहाचा वारा आणि स्थिर पृथ्वीच्या संदर्भातला वारा यांत फरक पडतो. तिसरी गोष्ट दिशेची. परतलेल्या ऊर्जेचे एकच चित्र दोन ते चार वेगवेगळ्या दिशांच्या वाऱ्यांशी जुळते, आणि त्यांतल्या दोन दिशा बहुधा एकमेकींच्या जवळजवळ विरुद्ध असतात. त्यांतून एक निवडण्यासाठी हवामान प्रारूपाच्या पार्श्वभूमी वाऱ्याचा आधार घेतला जातो. त्यामुळे ‘उपग्रहाने दाखवलेली दिशा’ ही काही अंशी प्रारूपाचीही असते, हे पुढे पडताळणी करताना लक्षात ठेवावे लागते.

कोणत्या उपग्रहापासून सुरुवात करावी

१९७८ साली सोडलेल्या सीसॅट उपग्रहाने हे तंत्र सिद्ध केले, मात्र तो तीन-साडेतीन महिनेच चालला. त्यानंतरचा क्विकस्कॅट १९९९ ते २००९ अशी दहा वर्षे टिकला. भारताने २००९ च्या सप्टेंबरमध्ये ओशनसॅट-२, २०१६ च्या सप्टेंबरमध्ये स्कॅटसॅट-१ आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ईओएस-०६ म्हणजेच ओशनसॅट-३ हे स्कॅटरोमीटर असलेले उपग्रह सोडले. त्यांच्या नोंदी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या मॉसडॅक या संकेतस्थळावर मिळतात. युरोपच्या मेटॉप मालिकेवर ॲस्कॅट हे उपकरण आहे. मेटॉप-बी २०१२ मध्ये आणि मेटॉप-सी २०१८ मध्ये सोडला गेला.

माझा सल्ला असा की पहिल्या अभ्यासासाठी एकाच उपग्रहावरचे एकच उपकरण घ्यावे, आणि ते मेटॉप-बीवरचे ॲस्कॅट असावे. देशाभिमानाने ओशनसॅट घ्यावासा वाटतो आणि पुढे तो घ्यावाच; पण भारतीय उपकरणे केयू बँडमध्ये, म्हणजे सुमारे १३.५ गिगाहर्ट्झवर चालतात आणि या लहरींना पावसाचे थेंब फार अडथळा करतात. ॲस्कॅट सी बँडमध्ये, ५.२५५ गिगाहर्ट्झवर चालते, त्याला पावसाचा त्रास बराच कमी होतो. ज्या समुद्राचा अभ्यास मोसमी पावसासाठी करायचा, तिथे हा फरक किरकोळ नाही. शिवाय दोन उपग्रहांच्या नोंदी जोडल्या की त्यांच्या जोडणीच्या तारखेला सरासरी थोडी सरकते, आणि नवशिक्या त्या सरकण्यालाच हवामानबदल समजून बसतो.

ॲस्कॅटच्या नोंदी २५ आणि १२.५ किलोमीटर अंतराच्या जाळीवर मिळतात. सुरुवातीला २५ किलोमीटरची जाळी घ्यावी आणि क्षेत्र ठरवून टाकावे: उदाहरणार्थ अक्षांश ५ ते २५ उत्तर, रेखांश ५० ते ७५ पूर्व. किनाऱ्यालगतचे बिंदू गाळावेत, कारण जमिनीवरून परतलेली ऊर्जा तिथल्या नोंदीत मिसळते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते, भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. दिवस कोणत्या वेळेला सुरू होतो हे एकदा ठरवून शेवटपर्यंत तेच पाळावे.

दिशा, घटक आणि उंची

कोनांची साधी सरासरी कधीही काढू नये. ३५० अंश आणि १० अंश या दोन्ही दिशा जवळजवळ उत्तरेच्याच आहेत, पण त्यांची अंकगणिती सरासरी १८० अंश, म्हणजे नेमकी दक्षिण येते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक नोंदीचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन घटक करून घ्यावेत आणि पुढचे सारे गणित त्या घटकांवर करावे. हवामानशास्त्रात वारा जिकडून येतो ती त्याची दिशा मानतात, तर समुद्रशास्त्रात जिकडे जातो ती. स्कॅटरोमीटरच्या काही फाइलींत दुसरी पद्धत वापरलेली असते. फाइलमधले वर्णन न वाचता घटक काढले, तर जुलैतला नैऋत्य वारा ईशान्येकडून वाहू लागतो. जुलै महिन्याच्या मध्य अरबी समुद्राचा नकाशा काढून बाण ईशान्येकडे रोखलेले आहेत ना, हे डोळ्यांनी पाहणे हीच यावरची सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

समुद्रात नांगरून ठेवलेल्या बोयांवरील नोंदींशी तुलना करायची असेल, तर उंचीची दुरुस्ती करावी लागते. बोयावरचा वातमापक ३ मीटरवर असेल, तर १० मीटरवरचा वेग काढण्यासाठी उंचींच्या गुणोत्तराचा ०.११ वा घात हे प्रचलित सूत्र कामचलाऊ म्हणून वापरता येते. त्यानुसार गुणक सुमारे १.१४ येतो, म्हणजे बोयाने सेकंदाला ६ मीटर दाखवले तर १० मीटरवर ते ६.८ च्या आसपास धरावेत. ही दुरुस्ती केली नाही, तर निर्दोष उपग्रहावर जास्त वारा दाखवल्याचा आळ येतो.

रिकाम्या जागा

ॲस्कॅटला वाटेच्या दोन्ही बाजूंना सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचा एकेक पट्टा दिसतो आणि मधली जागा दिसत नाही. त्यामुळे रोजच्या नकाशात मोठ्या पोकळ्या राहतात. त्या भरण्याचे तीन मार्ग आहेत. सर्वांत सोपा म्हणजे अंदाजासाठी एक-दोन अंशांच्या मोठ्या चौकटी घेऊन त्यांत दिवसाभराच्या नोंदींची सरासरी काढणे. दुसरा म्हणजे क्रिगिंग, ज्यात दोन बिंदूंमधले अंतर वाढताना सहसंबंध कसा घटतो हे आधी मोजून त्यानुसार जवळच्या नोंदींना वजन दिले जाते. तिसरा, मुख्य आकृतिबंध (क्षेत्रभर वारंवार दिसणारे वाऱ्याचे नमुने) काढून त्यांच्या साहाय्याने पोकळी पुन्हा-पुन्हा भरत जाणे. पहिल्या प्रयत्नाला पहिला मार्ग पुरतो. क्रिगिंग जरूर शिकावे, कारण ते भरलेल्या आकड्याबरोबर त्याची अनिश्चितताही देते.

मात्र सर्व पोकळ्या सारख्या नसतात, आणि या साऱ्या विषयातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा तोच आहे. कक्षेमुळे राहिलेली पोकळी वाऱ्याच्या जोराकडे पाहून येत नाही. तिला यादृच्छिक मानायला फारशी हरकत नाही. पावसामुळे गाळलेली नोंद मात्र नेमकी वादळी ढगांखालची, म्हणजे बहुधा वारा झपाट्याने बदलत असतानाची असते. अशा नोंदी गाळून काढलेली सरासरी शांत दिवसांकडे झुकते. म्हणून गाळलेल्या नोंदींची वेगळी मोजणी ठेवावी, आणि त्या दिवशीच्या शेजारच्या चौकटींतला वारा बाकीच्या दिवसांपेक्षा वेगळा आहे का, हे तपासावे.

आयत्या भरलेल्या माहितीचा मोह होतो. ईआरए५ हे पुनर्विश्लेषण, म्हणजे जुनी निरीक्षणे आणि हवामान प्रारूप यांच्या मेळातून बनवलेला अखंड संच, १९४० पासून दर तासाला, पाव अंशाच्या जाळीवर मोफत मिळते, आणि त्यात एकही पोकळी नसते. सराव करायला ते उत्तम आहे. परंतु अशा संचांत एखाद्या वेळेचा नकाशा बनवताना त्यानंतरच्या काही तासांची निरीक्षणेही वापरलेली असतात. त्यावरून ‘उद्याचा’ अंदाज केला तर उद्याचे थोडे उत्तर आजच्या आकड्यात आधीच दडलेले असते. शिवाय स्कॅटरोमीटरच्या नोंदीही त्यात आधीच सामावलेल्या आहेत, तेव्हा उपग्रहाची स्वतंत्र पडताळणी म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

ऋतू वजा करावा, मग ‘जैसे थे’शी लढावे

अरबी समुद्रावरच्या वाऱ्यात सर्वांत मोठा वाटा ऋतूचा असतो. १९६९ साली फिंडलेटर यांनी वर्णन केलेला, सोमालियाच्या किनाऱ्यावरून भारताकडे येणारा खालच्या थरातला जोरदार वायुप्रवाह मोसमात उभा राहतो आणि हिवाळ्यात दिशा उलटते. त्यामुळे जानेवारी ते डिसेंबरचे सगळे आकडे एकत्र घालून अंदाज केला, तर सहसंबंध ०.९ च्या पुढे सहज जातो. त्यावर खूश होण्याचे कारण नाही. जुलैत वारा नैऋत्येकडून असतो एवढेच त्या प्रारूपाने ओळखलेले असते. म्हणून प्रत्येक चौकटीसाठी, प्रत्येक तारखेची अनेक वर्षांची सरासरी काढावी, ती गुळगुळीत करावी आणि रोजच्या आकड्यातून वजा करावी. जी उरते ती तफावत. अंदाज तफावतीचा करायचा.

आता तीन प्रतिस्पर्धी उभे करावेत. पहिला ऋतुमान सरासरीचा, जो तफावत शून्य मानतो. दुसरा ‘जैसे थे’, जो आजची तफावत उद्याही तेवढीच राहील असे म्हणतो. तिसरा आजच्या तफावतीला एका सहगुणकाने गुणतो. हे पहिल्या क्रमाचे स्वप्रतिगामी प्रारूप झाले. समजुतीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका चौकटीत त्या तारखेचा पश्चिमी घटक सरासरीने सेकंदाला १२ मीटर असतो, आज तो १५ आहे, तफावतीचे प्रमाण विचलन २.५ आहे आणि एका दिवसाच्या अंतराने सहसंबंध ०.६ आहे. उद्याचा अंदाज १२ अधिक ०.६ गुणिले ३, म्हणजे १३.८, परवाचा १२ अधिक ०.३६ गुणिले ३, म्हणजे सुमारे १३.१. उद्याच्या अंदाजातल्या चुकीचे प्रमाण विचलन २.५ गुणिले ०.८, म्हणजे २ मीटर, आणि परवाच्या अंदाजातले सुमारे २.३ मीटर. अंदाज सरासरीकडे ओढला जातो आणि त्याची पट्टी रुंदावते.

याच गणितातून एक उपयोगी गोष्ट निघते. ‘जैसे थे’ची वर्गित चूक ही प्रचरण (म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) गुणिले २ गुणिले (१ वजा सहसंबंध) इतकी असते. म्हणजे सहसंबंध ०.५ च्या खाली गेला की ‘जैसे थे’ हा नुसत्या ऋतुमान सरासरीपेक्षाही वाईट ठरतो. वरच्या उदाहरणात उद्यासाठी ‘जैसे थे’ची चूक प्रचरणाच्या ०.८ पट आणि स्वप्रतिगामी प्रारूपाची ०.६४ पट येते. परवासाठी मात्र ‘जैसे थे’ १.२८ वर जाते आणि दुसरे ०.८७ वर थांबते. पुढे जी काही झगमगीत पद्धत वापराल, तिने या तिसऱ्या प्रतिस्पर्ध्याला हरवले पाहिजे. अनेक न्यूरल नेटवर्कवाले प्रकल्प केवळ ‘जैसे थे’ला हरवून थांबतात, आणि दोन-तीन दिवसांच्या अंदाजात ते फार सोपे असते.

मोजणीतली चूक सहगुणकात शिरते

उपग्रहाच्या आकड्यात चूक असते, आणि ती सहसंबंध दाबते. खरे प्रचरण ६.२५ असेल आणि मोजणीतल्या चुकीचे प्रमाण विचलन १.५, म्हणजे प्रचरण २.२५ असेल, तर खरा सहसंबंध ०.६ असूनही आकड्यांतून तो सुमारे ०.४४ दिसेल. चूक किती हे कळण्यासाठी तिहेरी तुलना ही सुंदर पद्धत आहे. स्टॉफेलेन यांनी १९९८ मध्ये ती समुद्री वाऱ्यासाठी मांडली. उपग्रह, बोया आणि प्रारूप अशा तीन मोजण्या एकाच जागी, एकाच वेळी घ्याव्यात, त्या समान मापावर आणाव्यात, आणि पहिली वजा दुसरी व पहिली वजा तिसरी या फरकांच्या गुणाकाराची सरासरी काढावी. ती पहिल्या मोजणीच्या चुकीचे प्रचरण देते. अट अशी की तिघांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. दिशेच्या निवडीत वापरले गेलेलेच प्रारूप तिसरे म्हणून घेतले, तर ही अट डळमळते.

चूक कळली की काल्मन फिल्टर वापरता येतो. तो खरा वारा आणि मोजलेला वारा यांना वेगळे ठेवतो, नोंद नसेल त्या दिवशी प्रारूपाच्या आधारे पुढे सरकतो आणि नोंद आली की तिच्या विश्वासार्हतेच्या प्रमाणात आपला आकडा सुधारतो. पोकळ्यांनी भरलेल्या उपग्रह-नोंदींसाठी याहून नैसर्गिक साधन नवशिक्याला मिळणार नाही. हीच कल्पना नोंद, प्रक्रिया आणि प्राचले अशा तीन थरांत मांडली की बेझियन श्रेणीबद्ध प्रारूप होते; विकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये उष्ण कटिबंधीय समुद्री वाऱ्यांसाठी ते वापरून दाखवले. ते दुसऱ्या वर्षाचे काम समजावे.

सर्व चौकटी एकत्र

एक अंशाच्या जाळीवर आपल्या क्षेत्रात पाचशेच्या वर बिंदू येतात. जमिनीवरचे वगळून दोन घटक धरले तरी चलांची संख्या हजाराच्या आसपास जाते. दहा मोसमांचे दिवस १२२० भरतात, पण शेजारचे दिवस एकमेकांसारखे असल्याने त्यांची किंमत तेवढी नसते: सहसंबंध ०.६ असेल तर स्वतंत्र दिवस चौथा हिस्सा, म्हणजे ३०५ च्या आसपासच धरावेत. एवढ्या नोंदींतून हजार चलांचे परस्परसंबंध ठरवता येत नाहीत. म्हणून ईओएफ (एम्पिरिकल ऑर्थोगोनल फंक्शन) पद्धतीने मोजके मुख्य आकृतिबंध काढावेत. दोन्ही घटक एकाच सदिशात ठेवावेत आणि प्रत्येक बिंदूला अक्षांशाच्या कोसाइनच्या वर्गमुळाचे वजन द्यावे. शेजारच्या दोन आयगेन किमतींमधले (प्रत्येक आकृतिबंधाने सामावलेल्या प्रचरणाच्या मापांमधले) अंतर त्यांच्या चुकीपेक्षा लहान असेल, तर ते आकृतिबंध एकमेकांत मिसळलेले असतात आणि त्यांना वेगवेगळे भौतिक अर्थ चिकटवू नयेत. निवडलेल्या आकृतिबंधांच्या कालश्रेणींवर स्वप्रतिगामी प्रारूप बसवावे आणि अंदाज पुन्हा नकाशात रूपांतरित करावा.

पडताळणी

दिवस पत्त्यांसारखे पिसून शिकवणीचे आणि परीक्षेचे असे भाग करू नयेत. कालचा दिवस शिकवणीत आणि आजचा परीक्षेत गेला, तर उत्तर फुटलेलेच असते. पूर्ण वर्षे बाजूला ठेवावीत, आणि ऋतुमान सरासरी, आकृतिबंध व सहगुणक हे सर्व केवळ शिकवणीच्या वर्षांतूनच काढावे. गुणांकन एक वजा आपली वर्गित चूक भागिले प्रतिस्पर्ध्याची वर्गित चूक असे करावे, आणि ते महिन्यागणिक वेगळे लिहावे, कारण मोसमाच्या आगमनाच्या दिवसांत सहगुणक बदलतात आणि वर्षाची एकच सरासरी ते लपवते. नव्वद टक्क्यांची पट्टी दिली असेल, तर खरोखर नव्वदच्या आसपास नोंदी तिच्या आत पडतात का, हेही मोजावे.

चक्रीवादळे या पद्धतीच्या कक्षेबाहेर समजावीत. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’चा प्रभाव नाशिकपर्यंत पोहोचला, पण सरासरीकडे ओढणारे रेषीय प्रारूप असे टोक कधीच गाठत नाही. त्या दिवसांत भारत हवामान विभागाचे इशारेच पाहावेत.

नाशिकसाठी एक स्वाध्याय

कोकण किनाऱ्यासमोरच्या चौकटींतला पश्चिमी घटक आणि दुसऱ्या दिवशीचा इगतपुरीचा पाऊस यांचे नाते तपासणे हा चांगला पहिला प्रकल्प आहे. पावसाच्या आकड्यांत शून्ये फार असतात, म्हणून साधे रिग्रेशन लावू नये. आधी पाऊस पडेल की नाही यासाठी लॉजिस्टिक प्रारूप बसवावे, आणि पडलेल्या दिवसांपुरते प्रमाणासाठी दुसरे. हेच निफाड किंवा सिन्नरसाठी करून पाहिल्यास घाटमाथा आणि पर्जन्यछाया यांतला फरक सहगुणकांत दिसावा अशी अपेक्षा ठेवता येते. ऑक्टोबरमधल्या द्राक्षछाटणीच्या निर्णयासाठी मात्र हे नाते वापरू नये: तेव्हाचा पाऊस बहुतांशी स्थानिक गडगडाटी ढगांचा किंवा बंगालच्या उपसागराकडून सरकलेल्या प्रणालींचा असतो, आणि जून-सप्टेंबरच्या आकड्यांवर बसवलेल्या सहगुणकांना त्याची काहीच ओळख नसते. त्या महिन्याचा अभ्यास करायचा असेल, तर त्याच महिन्यांच्या नोंदी घेऊन आणि पूर्वेकडची क्षेत्रे जोडून तो पहिल्या पायरीपासून करावा.